बंबाच्या सावलीत बसलेले दादा

मार्चमधली दुपार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका काजूच्या बागेला आग लागल्याचा फोन आमच्या अग्निशमन केंद्रात आला. बंब खालच्या रस्त्यापर्यंतच पोचला, पुढे नुसती चढण. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती; बागायतीत मात्र हिरव्या फांद्यांनी पाला झोडपत, पाठीवर पंप घेऊन चढावंच लागतं.

आग आटोक्यात आली आणि आमचे सगळ्यात जुने सहकारी, दादा, बंबाच्या सावलीत टेकले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा पांढराफटक. डाव्या हाताने सारखा जबडा चोळत होते.

"दादा, छातीत दुखतंय?"

"नाही रे, पित्त झालंय. लिंबूपाणी दे, घरी जाऊन पडतो."

"घरी नंतर जाऊ. आधी ईसीजी."

ते चिडले, पण गाडीत बसले. आरोग्य केंद्रात ईसीजी निघाला आणि डॉक्टरांनी तो लगेच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवला. हृदयविकाराचा झटका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच दिलं, मग रुग्णवाहिका. दादा वाचले.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते अग्निशमन दलाच्या प्रत्येक जवानाला कळायला हवं. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. रक्त कातडीलाही हवं, राबणाऱ्या स्नायूंनाही. घामावाटे पाणी गेल्याने रक्त दाटतं आणि हृदय धावत सुटतं. एडिंबरात 2017 साली 19 निरोगी जवानांना सरावाच्या आगीत वीसेक मिनिटं राबवून तपासलं, तर त्यांचं रक्त लवकर गोठू लागलं होतं, रक्तवाहिन्याही नीट सैलावत नव्हत्या. निरोगी माणसांचं हे! अमेरिकेतल्या 2007 च्या एका अभ्यासात, कामावर असताना हृदयविकाराने गेलेल्या जवानांपैकी सुमारे 32 टक्के आग विझवताना गेले आणि 17 टक्के परतीच्या वाटेवर. हा दुसरा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण परतीच्या वाटेवर आपण एकमेकांकडे बघतच नाही.

आता आग विझली की आम्ही आधी जाड कोट उतरवतो, कोपरापर्यंत हात पाण्याच्या बादलीत बुडवतो, पाणी पितो आणि एकमेकांची नाडी मोजतो. वीस मिनिटं बसूनही ठोके शंभराच्या वर असतील, तर त्या माणसाला पुन्हा वर सोडत नाही. मळमळ, जबड्यात जडपणा किंवा न थांबणारा घाम असेल, तर गाडी थेट आरोग्य केंद्राकडे वळते, मग तो कितीही पित्ताचं नाव घेवो.