नववीच्या मुलांना सेक्शन शिकवताना

मावळातल्या एका माध्यमिक शाळेने गेल्या वर्षी मला विचारले, की नववीच्या मुलांना इमारतीचे नकाशे वाचायला आणि काढायला शिकवाल का. मी वास्तुरचनाकार आहे आणि गवंड्यांना, सुतारांना नकाशा समजावून सांगणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे मी लगेच होकार दिला. आठ शनिवार आणि दर शनिवारी दोन तास एवढा वेळ मिळाला.

पहिल्या शनिवारी मी फळ्यावर तीन व्याख्या लिहून दिल्या: वरून पाहिले की प्लॅन, समोरून पाहिले की एलिव्हेशन, कापून पाहिले की सेक्शन. मुलांनी त्या नीट उतरवून घेतल्या. मग वर्गाचा प्लॅन काढायला सांगितल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी कौलारू छप्पर काढले, आणि त्यांचे काहीही चुकले नव्हते, कारण वरून पाहिले तर छप्परच दिसते. चूक माझ्या व्याख्येत होती. प्लॅन हाही मुळात सेक्शनच असतो, फक्त आडवा. जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर इमारत आडवी कापून वरचा भाग बाजूला ठेवला आणि मग खाली पाहिले, की जे दिसते तो प्लॅन. म्हणून सेक्शन शेवटी शिकवायचा हा नेहमीचा क्रम मी मोडला आणि पुढच्या आठवड्यात कापण्यापासूनच सुरुवात केली.

चित्रकलेच्या सरांनी शुक्रवारच्या तासाला मुलांकडून शाडूच्या मातीची वीतभर लांबीची घरे करून घेतली. जाड भिंती, एक दार, दोन खिडक्या आणि वर लाटलेल्या मातीचे उतरते छप्पर, एवढेच. शनिवारपर्यंत ती घरे बाहेरून सुकून पांढुरकी झाली होती, आत मात्र ओल होती. मी नायलॉनचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि एक घर आडवे, खिडकीच्या मधोमध कापले. दुसरे उभे, दारातून छपरापर्यंत कापले. दोरा जिथून गेला, तिथली माती ओली आणि गडद दिसत होती. बाकी सगळे फिकट होते. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, कापलंय तेवढंच काळं झालंय." नकाशातला सर्वांत महत्त्वाचा संकेत तिने स्वतःच ओळखला होता: जे कापले गेले त्याची रेघ जाड, जे कापाच्या पलीकडे नुसते दिसते त्याची रेघ बारीक. त्या दिवसानंतर हा संकेत मला कोणाला पुन्हा सांगावा लागला नाही. मुले एकमेकांच्या कागदावर बोट ठेवून "हे ओलं का सुकं?" असे विचारत आणि त्याप्रमाणे पेन्सिल दाबत.

तिसरा आणि चौथा शनिवार मोजमापात गेला. वर्गखोली आतून ७.५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद भरली. १:५० या प्रमाणात ती कागदावर १५ सेंटीमीटर आणि १२ सेंटीमीटर झाली. प्रमाणाचे गणित मुलांना सोपे गेले, भिंत मात्र अनेकांनी एकाच रेघेने दाखवली. भिंतीला जाडी असते हे ठाऊक असूनही ती मोजण्याची वस्तू आहे असे त्यांच्या मनात आले नव्हते. एका गटाने दाराच्या चौकटीपाशी टेप लावून जाडी थेट मोजली. दुसऱ्या गटाने खोलीची बाहेरची रुंदी घेतली, ती ६.५२ मीटर भरली, त्यातून आतली ६ मीटर वजा करून निम्मे केले. दोन्हींचे उत्तर २६ सेंटीमीटर आले, म्हणजे नऊ इंची भिंत आणि दोन्ही बाजूंचा गिलावा. ही दुसरी रीत मी सुचवली नव्हती आणि तिचा मला फार आनंद झाला. खिडक्यांच्या वरचे झरोके प्लॅनमध्ये का येत नाहीत, हा प्रश्नही इथेच निघाला. ते कापाच्या वर आहेत, म्हणून दाखवायचेच असतील तर तुटक रेघेने दाखवतात.

एलिव्हेशन सोपे जाईल असे वाटले होते, पण तिथे मुलांचा हातच आड येत होता. निसर्गचित्र आणि स्मरणचित्र काढून तयार झालेला हात इमारतीची बाजूची भिंत तिरकी करून दाखवतोच. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी घनभूमिती केलेल्या तिघा-चौघांना लंब प्रक्षेपण, म्हणजे वस्तू अगदी सरळ समोरून पाहून तिरकेपणा न आणता काढण्याची रीत, परिचित होते, त्यांनी इतरांना मदत केली. छपराने मात्र सगळ्यांनाच अडवले. ३० अंशांच्या उतारावरचा ४ मीटर लांबीचा वासा समोरून पाहताना २ मीटर उंचीचाच दिसतो. त्याची खरी लांबी इमारत रुंदीच्या बाजूने उभी कापून घेतलेल्या सेक्शनमध्ये मिळते. कौले किती लागतील याचा हिशोब एलिव्हेशनवरून केला तर निम्मीच कौले येतील, असे सांगितल्यावर एका सुताराच्या मुलाने मान डोलावली. साइट प्लॅनला एक शनिवार पुरला: उत्तर दिशा, फाटक, विहीर, झाडे आणि १:२०० प्रमाण.

शेवटच्या शनिवारी आम्ही कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात गेलो. ते जवळ आहे, आणि नकाशा वाचायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर उंच, दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ आणि स्तूपामागे ७ असे ३७ खांब, वर दगडाच्या कमानीला बसवलेल्या मूळच्या लाकडी फासळ्या. मुलांनी पावलांनी अंतर मोजले, खांब मोजले आणि स्तूपाच्या मधोमध कापणारा लांबीचा सेक्शन काढला. १:२०० प्रमाणात तो १९ सेंटीमीटर लांब आला. चैत्यगवाक्षातून, म्हणजे दर्शनी बाजूच्या मोठ्या कमानदार खिडकीतून, येणारा उजेड स्तूपापर्यंत कसा पोहोचतो, हे त्या एका चित्रात दिसते; प्लॅनमध्ये ते कधीच दिसले नसते.

एक मुलगा बराच वेळ पेन्सिल हातात धरून थांबला होता. छताची आतली रेघ त्याने जाड काढली होती, पण बाहेरची रेघ कुठे काढायची हे त्याला उमगत नव्हते. वर्गाची भिंत २६ सेंटीमीटरला संपत होती. इथे बाजूचे किंवा मागचे एलिव्हेशन नाही, कारण बाहेर भिंतच नाही. पोकळी तेवढी कोरलेली आहे. त्याने मला विचारले, "बाई, इथे ओलं कुठपर्यंत?" मी त्याला वर डोंगराकडे पाहायला सांगितले. त्याने पेन्सिल आडवी धरली आणि छतापासून कागदाच्या वरच्या कडेपर्यंत सगळे गडद करत नेले.