विलेमोस-झूमची कोळंबी

रात्री खोल समुद्रातलं जाळं वर आलं, की डेकवर पहिली झुंबड उडायची ती ग्नॅथोफाउसिया बघायला. दिसायला कोळंबी (खरी कोळंबी नव्हे, जाणकारांनी रागावू नये), डोक्यापुढे लांब टोकदार सुळका आणि रंग लालभडक. खालच्या अंधारात लाल उजेड पोचतच नाही, त्यामुळे तिथे हा लाल प्राणी काळाच, म्हणजे जवळजवळ अदृश्य. आमच्या ट्रेमध्ये मात्र दुसरीकडे नजरच जायची नाही.

संशोधन जहाजावर तंत्रज्ञ म्हणून माझं काम होतं नमुने बाटलीत भरायचे आणि लेबल लावायचं. बाटलीत तो लाल रंग टिकत नाही. आधी गुलाबी, मग पिवळट, शेवटी उकडलेल्या बटाट्याचा रंग. म्हणून आमचे सर ओरडायचे, ‘आधी रंग लिहा, मग झाकण लावा!’

ग्नॅथोफाउसिया हे नाव दिलं 1873 मध्ये, रुडॉल्फ फॉन विलेमोस-झूम या पंचविशीतल्या जर्मन पोराने. ‘चॅलेंजर’ जहाजावरच्या शास्त्रज्ञांत तो सगळ्यांत लहान. मूळचा उत्तर जर्मनीतल्या ग्लुकश्टाटचा, म्युनिकला प्राणिशास्त्र शिकवत होता. 1872 मध्ये फेरो बेटांच्या सफरीवरून परतताना एडिंबरोत त्याची ‘चॅलेंजर’ मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख प्रा. वायव्हिल थॉमसन यांच्याशी गाठ पडली आणि जगप्रदक्षिणेला निघालेल्या तुकडीत त्याचा नंबर लागला. नशीब म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा.

‘चॅलेंजर’ ही ब्रिटिश नौदलाची युद्धनौका. बहुतेक तोफा उतरवून तिथे प्रयोगशाळा बसवल्या आणि डिसेंबर 1872 मध्ये ती निघाली. परत आली मे 1876 मध्ये, सुमारे 69,000 सागरी मैल कापून. आपल्या अरबी समुद्राकडे ती फिरकलीच नाही, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केपहून थेट दक्षिणेच्या बर्फाकडे गेली. ड्रेज (तळ खरवडणारं चौकटीचं जाळं) किंवा साधं जाळं खाली सोडून वर घ्यायला अख्खा दिवस जायचा, आणि वर काय, तर बहुतेक वेळा चिखल. खलाशी कंटाळून जायचे. तो चिखल चाळणीवर धुऊन त्यातून बोटभर जीव वेचायचे, हे विलेमोस-झूमचं काम. कवचवाल्या प्राण्यांवर त्याचा विशेष जीव. खोल तळावरचा एक आंधळा, शेवंडासारखा प्राणी त्याने वर्णन केला, त्याला आज विलेमोसिया म्हणतात.

1873 च्या ऑक्टोबरात जहाजाने दक्षिण अटलांटिकमधल्या इनॅक्सेसिबल बेटावर अडकलेल्या दोघा जर्मन भावांची सुटका केली. सील मारून कमवायला गेले होते बिचारे, जवळजवळ दोन वर्षं तिथेच. आजूबाजूला सगळे इंग्रज, त्यात अचानक दोन गाववाले! गप्पा रंगल्याच असतील.

1875 च्या ऑगस्टमध्ये जहाजाने हवाई सोडलं, पुढचा मुक्काम ताहिती. वाटेत विलेमोस-झूमला धावरे झालं. कातडीखाली पसरत जाणारा लालबुंद, जळजळता सुजवटा आणि सोबत फणफणता ताप. आमच्या एका सहकाऱ्याच्या पायाला तारेचा ओरखडा निघाला आणि पोटरी अशीच लाल होऊन टणक सुजली होती. जहाजावरच्या डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं, ताहितीइतकं लांब जावं लागलं नाही. 1875 मध्ये पेनिसिलिन सोडाच, हा रोग कोणत्या जंतूमुळे होतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. 11 सप्टेंबरला विलेमोस-झूम अठ्ठावीस वर्षांचा झाला, 13 ला गेला. दफन समुद्रातच केलं. आणखी पाच दिवसांनी ताहिती आलं.

अकाली मृत्यूचं दुःख आहेच, पण मला जास्त खुपतं ते बाटल्यांचं पुढे काय झालं हे. त्याचे कवचधारी एडिंबरोहून देशोदेशीच्या तज्ज्ञांकडे वाटले गेले. खेकडे ब्रिटिश म्युझियममधल्या मायर्सकडे. शेवंड-कोळंब्या स्पेन्स बेटकडे, जो पेशाने प्लिमथचा दंतवैद्य. अॅम्फिपॉड, म्हणजे कोळंबीसारखे छोटे कवचधारी, स्टेबिंग नावाच्या पाद्र्याकडे. ग्नॅथोफाउसिया नॉर्वेच्या सार्सकडे. माणसं एकेक नंबरी, त्यांचे ग्रंथ आजही उघडावे लागतात. पण त्यांच्यापुढे आले ते स्पिरिटमध्ये रंग गेलेले जीव. वळवळताना, लाल असताना ज्याने ते हातात धरले होते, त्याला आता काही विचारायची सोय नव्हती. वहीत जे उतरलं तेवढंच उरलं. आणि प्रत्येक गोष्ट कुठे लिहून होते? लेबलावर जागा किती असते ते मला विचारा.

सार्सने ग्नॅथोफाउसियाच्या एका जातीला विलेमोस-झूमच्या स्मरणार्थ विलेमोसी असं नाव दिलं. पुढच्या अभ्यासकांनी तपासून पाहिलं, तर ती निराळी जात निघालीच नाही. खुद्द विलेमोस-झूमने 1873 मध्ये ‘झोइया’ नावाने वर्णन केलेलीच ती. नियमाने आधीचं नाव राहतं, त्यामुळे विलेमोसी बाद झालं.