खालून वर की वरून खाली?

ऑफिसात जेवताना स्पेनमधल्या कातालोनियाच्या एका सहकाऱ्यानं परवा ऐकवलं, "तुमच्याकडे कसलं फेडरल? सगळं दिल्ली ठरवते!" आपण दिल्लीला कितीही नावं ठेवू, दुसऱ्यानं ठेवली की झोंबतंच. वर त्यानं खरा फेडरल, म्हणजे संघराज्यवादी, म्हणून बार्सिलोनाच्या पी इ मार्गाल या एकोणिसाव्या शतकातल्या पुढाऱ्याचं नाव तोंडावर फेकलं. मग काय, शनिवार या पीच्या पक्षाचा इतिहास वाचण्यात गेला.

१८६८ साली राणी इसाबेल दुसरीची हकालपट्टी झाली आणि स्पेनमध्ये हा फेडरल रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. पी विणकराच्या घरातला, फ्रेंच अराजकवादी विचारवंत प्रूदाँचा अनुवादक. सत्ता खालून वर चढली पाहिजे, हे त्याचं तत्त्व: गावांनी आपखुशीनं करार करून प्रांत घडवायचा, प्रांतांनी देश. माणूस मला आवडला, हे कबूल. फेब्रुवारी १८७३ मध्ये राजा आमादेओ वैतागून निघून गेला, प्रजासत्ताक आलं. पहिला अध्यक्ष फिगेरास जूनमध्ये गुपचूप पॅरिसला पसार झाला आणि खुर्ची पीकडे आली. क्यूबा आणि पोर्तो रिको धरून १७ राज्यांचा घटनेचा मसुदाही तयार झाला.

पण पक्षातल्या जहालांना दम कुठला! १२ जुलैला कार्ताहेना या बंदराच्या शहरानं स्वतःला 'कँटन', म्हणजे स्वायत्त छोटं राज्य, जाहीर केलं. लाल झेंडा मिळेना, म्हणून किल्ल्यावर चक्क तुर्कस्तानचा चढवला. पुढे चांदीची नाणीही पाडली! त्यांचं पाहून वालेन्सिया, सेविया आणि इतर शहरंही उठली. आपल्याच तत्त्वाच्या नावानं बंड करणाऱ्यांना चिरडायचं कसं? पीनं १८ जुलैला राजीनामा दिला. त्याच्यानंतरच्या साल्मेरोननं लष्कर पाठवलं, पण फाशीच्या शिक्षांवर सही करायची वेळ आली तेव्हा तोही पायउतार झाला. ३ जानेवारी १८७४ ला जनरल पाविआनं संसदेत सैनिक घुसवले. अकरा महिन्यांत चार अध्यक्ष, आणि खेळ आटोपला.

सोमवारी मी बाबासाहेब काढले. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी स्पष्ट केलं होतं की आपला संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून आलेला नाही, म्हणून कुणालाही फुटून जायचा हक्क नाही. म्हणजे नेमकं पीच्या उलट. आणि आमचं टिकलं! भाषावार राज्यं मागून, भांडून, रक्त सांडून मिळवली, पण मुंबईसाठी लढणाऱ्यांनी किल्ल्यावर परका झेंडा नाही लावला. सहकारी म्हणाला, "टिकणं म्हणजेच फेडरल असणं का?" मी म्हटलं, आधी टिका, मग बोलू.

त्यानं पुढे विचारलं, मग तुमच्या गावांना, शहरांना किती अधिकार? मी कॉफी आणायला उठले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई-पुण्याच्या महापालिका कित्येक वर्षं नगरसेवकांविना प्रशासकांच्या हाती होत्या, हे या माणसाला सांगायची काही गरज नव्हती.