सोलापूरच्या हवेत सोडियमची रेषा कुठे पडते?

सोडियमच्या वर्णपटातल्या पिवळ्या जोडरेषांची तरंगलांबी ५८८.९९५ आणि ५८९.५९२ नॅनोमीटर. बी.एस्सी.च्या जर्नलात हे आकडे सगळेच लिहितात, पण ते १५ अंश सेल्सियस आणि ७६० मिलिमीटर दाबाच्या कोरड्या हवेतले आहेत, हे क्वचितच कुणी लिहितं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, म्हणजे हवेचा दाब ९६० हेक्टोपास्कलच्या आसपास. मे महिन्यात प्रयोगशाळेत ४० अंश सहज होतात. एवढ्या विरळ हवेत अपवर्तनांक (निर्वाताच्या तुलनेत हवा प्रकाशाला किती मंद करते तो आकडा) १.०००२७७ वरून १.०००२४२ च्या आसपास उतरतो आणि तीच रेषा ०.०२ नॅनोमीटरने लांबते.

इंचाला १५,००० रेषांच्या ग्रेटिंगवर, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणाऱ्या रेघाळ पट्टीवर, पहिल्या ऑर्डरमध्ये (मधल्या सरळ किरणाच्या बाजूच्या पहिल्या वर्णपटात) हा फरक कोनात जेमतेम ३ सेकंदांचा, म्हणजे अंशाच्या ३६०० भागांपैकी तीन. कोनाच्या एका मिनिटापर्यंतच (६० सेकंद) मोजणाऱ्या व्हर्नियर पट्टीला तो कळणारच नाही. तिथे दोन पिवळ्या रेषांमधलं अंतरच सव्वा मिनिटाचं असतं. तरीही रीडिंगशेजारी तापमान आणि दाब लिहावा, कारण वेगाच्या भाषेत (तरंगलांबीतला बदल भागिले तरंगलांबी, गुणिले प्रकाशाचा वेग) हे ०.०२ नॅनोमीटर म्हणजे सेकंदाला १० किलोमीटर. आणि सूक्ष्म-संरचना स्थिरांक, म्हणजे विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा आल्फा, काळानुसार बदलला का हे तपासायचं तर प्रयोगशाळेतली चूक सेकंदाला २० मीटरच्या आसपास ठेवावी लागते.

ही मर्यादा कुठून येते? क्वेसारचा, म्हणजे अतिदूरच्या अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा, प्रकाश वाटेतल्या वायूमेघांतून येताना त्यावर लोह, मॅग्नेशियम, जस्त, क्रोमियम यांच्या आयनांच्या काळ्या रेषा उमटतात. अब्जावधी वर्षांपूर्वी आल्फा लाखात एका भागाने वेगळा असता, तर एकदा आयनित (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोहाची २३८.२ नॅनोमीटरची रेषा सेकंदाला सुमारे २०० मीटर सरकली असती आणि मॅग्नेशियमची २७९.६ ची फक्त ३५. सगळी मदार या दोघींच्या आपापसातल्या अंतरावर. १९९९ मध्ये जॉन वेब यांच्या गटाने हवाईतल्या केक दुर्बिणीच्या वर्णपटांवरून आल्फा पूर्वी साधारण एवढाच कमी असल्याची चिन्हं मांडली. २००४ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातले श्रीआनंद, हम चंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांना चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने पाहिलेल्या २३ वायूमेघांत असा बदल आढळला नाही. दोन्हीकडे ताडून पाहायला आकडे प्रयोगशाळेतलेच लागतात.

ते मिळतात हॉलो कॅथोड लॅम्पमधून. पोकळ नळीसारख्या कॅथोडमध्ये हवा तो धातू, भोवती कमी दाबाचा निऑन किंवा आर्गॉन. वायूचे आयन धातूवर आदळून अणू उडवतात आणि ते अणू चमकतात. करंट वाढवला की रेषा उजळते, पण तिथेच घात होतो: दिव्यातलेच थंड अणू रेषेचा मधला भाग शोषून घेतात, शेंडा चपटा होतो, आणि आकार किंचितही असमान असला तर मध्यबिंदू ढळतो. यावर मॅग्नेशियमची जोडी चांगली पारख देते. २७९.६ आणि २८०.३ यांची तीव्रता जवळपास २:१ हवी. ती १:१ कडे झुकू लागली की करंट उतरवा. दोन-तीन करंटवर वर्णपट घेऊन मध्यबिंदू तोच येतो का, हे पाहिल्याशिवाय आकडा धरू नये.

मोजणी फूरियर ट्रान्सफॉर्म स्पेक्ट्रोमीटरवर होते; त्यात सरकत्या आरशाने प्रकाशाच्या दोन शलाका एकमेकींवर आणून त्यांच्या नक्षीवरून गणिताने वर्णपट काढतात. त्याचा आरसा किती सरकला हे हेलियम-निऑन लेसर सांगतो, पण दिव्याचा प्रकाश लेसरच्या मार्गाशी नेमका समांतर नसतो, म्हणून सगळी तरंगसंख्यांची (१ भागिले तरंगलांबी) पट्टी एकाच गुणकाने ताणली किंवा आकसली जाते. तो गुणक आर्गॉन आयनाच्या माहीत असलेल्या रेषांवरून काढतात, आणि त्या रेषा त्याच दिव्यातल्या हव्यात. दिवा बदलला की स्पेक्ट्रोमीटरचं प्रवेशछिद्र वेगळ्या प्रकारे उजळतं आणि गुणकही बदलतो. २००६ मध्ये मारिया अल्डेनियस, सुने योहान्सन आणि मायकेल मर्फी यांनी मॅग्नेशियम, टायटॅनियम, क्रोमियम, मँगनीज, लोह, जस्त अशा धातूंच्या रेषा एकत्र मोजल्या, ते याचसाठी. गुणकात चूक राहिली तरी ती सगळ्यांना सारखीच लागते आणि रेषांची आपसातली तुलना शाबूत राहते. माझ्या मते या क्षेत्रातली ही सगळ्यात शहाणी युक्ती.

लोहाची १६०.८ ची रेषा आल्फाच्या बदलाने उलट दिशेला सरकते, म्हणून ती फार मोलाची. पण २०० नॅनोमीटरच्या खाली हवेतला ऑक्सिजन प्रकाश गिळू लागतो, तेव्हा तिच्यासाठी अख्खा स्पेक्ट्रोमीटर निर्वातात न्यावा लागतो.

मॅग्नेशियमची अडचण वेगळी. त्यात २४, २५ आणि २६ हे तीन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) अनुक्रमे ७९, १० आणि ११ टक्के. २४ आणि २६ च्या रेषांमध्ये सेकंदाला सुमारे ८५० मीटरचं अंतर आहे. पृथ्वीवरचं प्रमाण त्या दूरच्या मेघात तसंच असेल असं धरावं लागतं; तिथे जड समस्थानिक जास्त असले, तर रेषा सरकलेली दिसेल आणि तो बदल आल्फाच्या खात्यावर पडेल.