कंस उडाला, अट राहिली

बैजिक अपूर्णांकांना सरळरूप देण्याचा नाद असलेल्यांसाठी ही पुढची नोंद. वर्ग त्रिपदीचे अवयव आता हातात बसले आहेत. अंश आणि छेद दोन्ही गुणाकाराच्या रूपात आल्याशिवाय काही छाटायचं नाही, हेही अंगवळणी पडलंय.

उदाहरण घ्या: (क्ष² − क्ष − ६)/(क्ष² − ९). अवयव पाडले की वर (क्ष − ३)(क्ष + २), खाली (क्ष − ३)(क्ष + ३). उरलं (क्ष + २)/(क्ष + ३). पडताळ्याला मी क्ष = १०० ठेवतो. अंश ९८९४, छेद ९९९१. दोघांचं काही नातं असेल असं वाटत नाही. पण ९८९४ म्हणजे ९७ × १०२ आणि ९९९१ म्हणजे ९७ × १०३! शंभर ठेवला की कंस आकड्यांतून असे सरळ वाचता येतात. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालं की कुर्डुवाडीपर्यंत अशा दोन-तीन राशी कागदाशिवाय होतात.

यावेळी जास्त वेळ गेला तो अटीवर. दहावीतली भाची वहीत डोकावून म्हणाली, "काय ओ मामा, कंस तर उडाला. मग क्ष ≠ ३ कशाला लिहिताय?" प्रश्न अगदी नेमका. उत्तरात ३ ठेवला तर ५/६ मिळतात, काही अडत नाही. मूळ राशीत ठेवला तर शून्य भागिले शून्य. −३ दोन्हीकडे वर्ज्यच आहे, पण ३ फक्त मूळ राशीला चालत नाही. म्हणून छेदाचे अवयव पडले की छाटण्याआधीच अट लिहून मोकळं व्हायचं.

भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) या पेचाला हात घातला आहे. राशीला शून्याने गुणलं आणि पुढे शून्यानेच भागलं, तर ती जशीच्या तशी समजावी, असं ते सांगतात. आजच्या नियमात शून्याने भागणं बसत नाही. पण क्ष ३ च्या जवळ जाऊ लागला की आपला अपूर्णांक ५/६ कडे सरकतो, आणि हे पाहिल्यावर त्या नियमामागची नजर मला फार मोठी वाटते.

दुसरी मजा क्ष⁴ + ४ ची. याचे अवयव पडतील असं वाटतच नाही. ४क्ष² मिळवून वजा करा: (क्ष² + २)² − (२क्ष)². झाली दोन वर्गांची वजाबाकी! सोफी जर्मेन या फ्रेंच गणितीच्या नावाने ही नित्यसमानता ओळखतात. म्हणून (क्ष⁴ + ४)/(क्ष² − २क्ष + २) = क्ष² + २क्ष + २. क्ष = १० ठेवा: १०००४ ÷ ८२ = १२२. इथे अट कोणती? भाचीनेच छेद (क्ष − १)² + १ असा मांडला आणि म्हणाली, "हा शून्य होतच नाही की ओ!" वास्तव संख्यांत अट लागतच नाही.

सध्या हे चाललंय: अ²/[(अ − ब)(अ − क)] + ब²/[(ब − क)(ब − अ)] + क²/[(क − अ)(क − ब)]. चिन्हं सांभाळली, (ब − अ) च्या जागी −(अ − ब) लिहिलं, की सगळं आटपून १ उरतो. वर वर्गांऐवजी घन ठेवले तर अ + ब + क. चौथ्या घाताला रविवारी बसणार आहे. कोणी आधी सोडवलं असेल तर उत्तर नको, फक्त पहिली पायरी सांगा.