सिम दोन, नेटवर्क एकच

9822 ने सुरू होणारा मोबाइल नंबर म्हणजे आयडिया आणि 9823 म्हणजे आधी बीपीएल मग हच मग व्होडाफोन, हे ज्यांना पाठ आहे ते साधारण माझ्याच वयाचे. तेव्हा डबल सिमच्या फोनात एक आयडिया आणि एक व्होडाफोन ठेवायची पद्धतच होती, घाटात एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची तरी असेल म्हणून. आमच्या मामांचं अजून तेच चालू आहे. पण 31 ऑगस्ट 2018 ला या दोन्ही कंपन्या एक झाल्या, 7 सप्टेंबर 2020 ला वी नाव आलं, जुनी सिमं तशीच चालू राहिली, त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून दोन नेटवर्क आहेत. तर नाहीयेत! टॉवर बंद पडला की दोन्ही सिमच्या दांड्या एकदमच जाणार.

मर्जरच्या वेळी मामांचा फोन यायचा, "अरे R दिसतंय, पैसे कापतील का?" R म्हणजे रोमिंगची खूण, पण पैसे नाही कापणार. सिममध्ये आयएमएसआय म्हणून 15 आकडी नंबर असतो, तो मोबाइल नंबरपेक्षा वेगळा. त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यांवरून नेटवर्क कळतं, म्हणजे आपल्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये (कंपन्यांच्या विभागात) 404 22 आयडियाचं आणि 404 27 व्होडाफोनचं. आयडियाच्या सिमला 27 वाला टॉवर मिळाला की फोनला वाटतं आपण परक्याच्या घरी आलो, मग तो R दाखवतो आणि डेटा रोमिंग बंद असेल तर नेट देत नाही. ते सेटिंग चालू केलं की झालं. टाटा डोकोमोवाले एअरटेलवर गेले तेव्हाही हेच चाललं होतं.

माझं मत विचाराल तर दोनातला एक नंबर सरळ दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा, आणि बँकेचे ओटीपी येतात तो नको, दुसरा. 1900 ला PORT लिहून स्पेस देऊन आपला नंबर पाठवायचा की कोड येतो, तो घेऊन आधारसकट दुकानात जायचं. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत आणि बिल थकलेलं नको. आकडे तेच राहतात, त्यामुळे 9822 ची ऐट कुठे जात नाही.

फक्त सिमवर सेव्ह केलेले नंबर आधी फोनमध्ये कॉपी करून घ्या, नव्या सिममध्ये ते येत नाहीत. मामांच्या सिमवर 'गवंडी जुना', 'गवंडी नवा' आणि 'गवंडी नको' असे तीन निघाले, तिन्ही ठेवायला लावले त्यांनी.