खिडकीची पट्टी

सातवीत माझ्या शुद्धलेखनाच्या वहीवर लाल शाईने शेरा असायचा, 'लक्ष नाही.' माझं तर सगळं लक्ष तिथेच असायचं. 'घ' की 'ध', 'भ' की 'म' हे ठरवेपर्यंत ओळ हातची सुटायची. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गळून जायचं. तोंडी गणितात मी सगळ्यांच्या आधी, आणि तेच गणित छापून समोर आलं की भोपळा. 'हुशार आहे, पण आळशी' असं प्रगतिपुस्तक घरी जायचं. पाठोपाठ मार.

माझ्या बाकावरच्या मित्राच्या पायाला पोलिओमुळे कॅलिपर होतं. त्याचा पाय दिसायचा, म्हणून तो 'बिचारा'. माझं काही दिसायचं नाही, म्हणून मी 'ढ'. वर्ग वरच्या मजल्यावर होता. रोज चार मुलं त्याला उचलून न्यायची. प्रेमानेच न्यायची, पण जिना संपेपर्यंत तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा.

आठवीत नव्या बाई आल्या. त्यांनी त्याला विचारलं, "तुला काय सोयीचं पडेल?" तोवर हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात आमचा वर्ग तळमजल्यावर आला. खरंच, एवढंच करायचं होतं!

माझ्यासाठी बाईंनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात ब्लेडने एका ओळीएवढी खिडकी कापली. ती ओळीवर ठेवायची, वाचून झालं की खाली सरकवायची. आजूबाजूच्या ओळी झाकल्या गेल्या की अक्षरांची गर्दी हटायची. धड्यावरचे प्रश्न त्या मला तोंडी विचारायच्या, आणि उत्तरं देताना मला पहिल्यांदा कळलं की धडा मला येतो. वाचनाचा वेग काही फारसा वाढला नाही. आजही मी सावकाशच वाचतो.

'डिस्लेक्सिया' हा शब्द मला फार उशिरा भेटला. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही. १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिलं होतं. त्याचे मास्तर म्हणत, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. इतक्या वर्षांपूर्वी एका मास्तरांना हे दिसलं होतं! माझ्या मुलीलाही हाच त्रास आहे, तो घराण्यात उतरू शकतो. तिच्या शिक्षकांना मी पहिल्याच दिवशी जाऊन भेटलो.

शाळेच्या महोत्सव समितीला एक विनंती. माझा मित्र आता व्हीलचेअर वापरतो, आणि सत्काराच्या यादीत त्याचं नाव आहे. उंचीच्या बारा पट लांबीचा उतार लागतो. म्हणजे व्यासपीठ अडीच फूट असेल, तर तीस फूट. मांडव घालायच्या आधीच जागा मोजून ठेवा. त्या दिवशी त्याला कुणी उचलू नका.